वाटणीतलं रंधा मशीन

तिला सगळे मिस्त्रीण म्हणायचे. खरं तर मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको. तिचा नवरा औषधांच्या गोदामात कारकून होता, आणि त्याला भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर आधी बोटाला बांधायची चिंधी शोधून ठेवावी लागायची. मिस्त्री होते तिचे वडील. आणि हे नाव तिला पडलं ते वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, नवरा जाऊन चार वर्षं झाल्यावर.

वडिलांचा कारखाना म्हणजे घरामागची लांबोडकी पत्र्याची शेड. ती अकरा वर्षांची असताना तिथे रंधा मशीन आलं. लाकडी गाड्या बनवणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून वडिलांनी ते उचललं होतं. बिडाचं, हत्तीच्या पिल्लाएवढं धूड. एका बाजूने ओबडधोबड फळी आत सारायची. आतले रोलर ती ओढून घ्यायचे, वर फिरणारी पाती तिला तासायची आणि दुसऱ्या बाजूने ती एकसारख्या जाडीची, गुळगुळीत होऊन बाहेर यायची. हाताने रंधा मारून दोन माणसांना दिवस लागायचा ते काम अर्ध्या तासात. वडिलांनी पहिल्या दिवशी शेडच्या दाराला कुलूप लावलं आणि तरी तीनदा उठून ते ओढून पाहिलं.

मुलगे दोन होते. थोरल्याला भुशाने शिंका यायच्या. धाकट्याचं कामाचं नाव काढलं की पोट दुखायचं. मधली ही. हिला त्या मशीनचा आवाज आवडायचा. तेराव्या वर्षी ती बाहेर येणारी फळी धरायला लागली आणि सोळाव्या वर्षी पाती बसवायला. पाती बसवणं हे त्या मशीनचं सगळ्यात नाजूक काम. एका गोल ठोकळ्यात तीन पाती घट्ट करायची, आणि तिन्हींपैकी एकही केसभर पुढे-मागे राहू द्यायचं नाही. राहिलं तर फळीवर लाटा उठतात. वडिलांची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती. हिला नजरेची गरजच नव्हती. ठोकळा हाताने हळूच फिरवून ती अंगठ्याच्या नखावर पात्याची धार टेकवायची आणि सांगायची, "बाबा, मधलं वर आहे."

पण गिऱ्हाईक फाटकाशी दिसलं की वडील म्हणायचे, "जा, आत जा. चहा टाक." आणि थोरल्याला हाक मारायचे. थोरला इस्त्रीचा शर्ट सांभाळत मशीनपाशी येऊन उभा राहायचा. गिऱ्हाईक फळीवरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, "वा मिस्त्री, पोराचा हात बसला हं!" वडील हसायचे. थोरलाही हसायचा. तोवर ही चहा घेऊन यायची, आणि तिलाही हसावं लागायचं.

अशी अकरा वर्षं गेली. चोविसाव्या वर्षी लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात आली. नवरा माणूस भला होता, बोलायचा कमी. मूलबाळ झालं नाही. संसाराला हातभार म्हणून तिने फर्निचरच्या कारखान्यात नोकरी धरली आणि बावीस वर्षं पॉलिशच्या खात्यात तोंडाला फडकं बांधून पॉलिश पेपर घासला. मशीनचं खातं भिंतीपलीकडे होतं. तिथे बायका घेत नसत. एकदा भिंतीपलीकडचा आवाज ऐकून ती मुकादमाला म्हणाली होती, "तिकडच्या रंध्याची पाती बोथट झालीत. एक बेअरिंगही जायला आलंय." मुकादम म्हणाला, "ताई, तुम्ही पॉलिश बघा." आठवड्याने बेअरिंग गेलं आणि खातं दोन दिवस बंद पडलं. मुकादमाला तिचं बोलणं आठवलं असावं, कारण त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासाच झाला.

तिच्या पस्तिसाव्या वर्षी वडील गेले. तिसऱ्याच आठवड्यात भावांची वाटणी निघाली. घर विकायचं ठरलं आणि दोघांनी आपापल्या हिश्श्याला स्वतंत्र घरं घ्यायची ठरवली. तिच्यासमोर एक कागद ठेवून थोरला म्हणाला, "इथे सही कर. तुझं काय, तुला तुझं घर आहे." तिने सही केली. कागद वाचलाही नाही. त्या वेळी तिला वाटलं होतं, आपण सही केली की हे दोघं तरी भांडायचे थांबतील.

थांबले नाहीत. सगळ्याची वाटणी झाली आणि रंधा मशीन उरलं. दोघांपैकी एकालाही ते चालवता येत नव्हतं. थोरला पाणीखात्यात नोकरीला लागला होता आणि धाकटा मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात. पण थोरला म्हणाला, मोठा मी, मशीन माझं. धाकटा म्हणाला, अर्धं माझं. एक दिवस थोरला कामावर गेल्यावर धाकटा पाने-पक्कड घेऊन आला आणि त्याने खरोखरच अर्धं मशीन खोलून नेलं. टेबल, पात्यांचा ठोकळा, रोलर, वर-खाली करायचं चाक. मागे उरला नुसता सांगाडा, मोटर आणि गिअर. त्या संध्याकाळी दोघा भावांमध्ये जे शब्द झाले ते झाले, आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. ती दोघांकडे जायची, पण ह्याच्याकडे त्याचं नाव काढायचं नाही आणि त्याच्याकडे ह्याचं, असा जिभेला लगाम घालून.

नवरा गेला. पुढे कारखान्यात तयार पॉलिशच्याच फळ्या यायला लागल्या आणि पॉलिशचं खातं बंद झालं. पन्नाशी उलटलेली बाई, रिकामं घर आणि सकाळपासून रिकामे हात. अशीच एकदा वेळ घालवायला म्हणून ती थोरल्याकडे गेली, तर वहिनी अंगणात उभी राहून करवादत होती.

"हे धूड कधी हलणार इथून? मुलाने गाडी घेतलीय, लावायची कुठे? माझ्या डोक्यावर?"

अंगणाच्या कोपऱ्यात मशीनचा सांगाडा उभा होता. अठरा पावसाळे अंगावर घेतलेला, तांबडालाल, वर मोडका पत्रा टाकलेला. आत मांजराने पिल्लं घातली होती.

ती म्हणाली, "दादा, मी नेऊ का?"

थोरल्याने वर्तमानपत्रातून मान काढली. "तू? काय करणार त्याचं?"

"बघते."

"ने बाई, ने. कटकट जाईल. फक्त त्याला कळू देऊ नकोस मी दिलं म्हणून."

मोटर त्याने कधीच विकून टाकली होती. सांगाडा आणि दोन गिअर घेऊन टेम्पो तिच्या दारात आला, तेव्हा चार हमालांनी तिच्याकडे आणि सांगाड्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांतला एक म्हणाला, "मावशी, याचं लोणचं घालणार का?"

दुसऱ्या अर्ध्यासाठी ती धाकट्याकडे गेली. तिथे मशीनचं टेबल, म्हणजे ज्या घोटीव बिडाच्या पाटावरून फळी सरकते तो पाट, मोरीत होता. धाकट्या वहिनीने त्याचा धुण्याचा दगड केला होता. बाबा ज्याच्यावर कुणाला चहाचा कप ठेवू द्यायचे नाहीत त्या पाटावर अठरा वर्षं सोडा आणि साबण आपटला होता. रोलर फाटकाला आडवा लावलेला. चाक गच्चीच्या भिंतीला ठोकून त्याला वाळत घालायची दोरी बांधलेली. पात्यांचा ठोकळा तेवढा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर सुखरूप होता.

धाकटा म्हणाला, "मी आपलं अर्धं दिलं तर तू त्याचं अर्धंही मागशील आणि जोडशील. त्याच्या घशात जाणार असेल तर मी एक खिळा देणार नाही."

आणि तिथे ती खोटं बोलली. आयुष्यात फारसं खोटं न बोललेली बाई, तोंडाला येईल ते बोलून गेली. "त्याचं अर्धं कुठलं आता? दादाने सांगाडा भंगारात काढला."

धाकट्याचा चेहरा उजळला. तिला ते पाहवलं नाही. "भंगारात? बाबांचं मशीन भंगारात! बघ, हा असला माणूस." तो दोनदा गच्चीवर जाऊन आला, बायकोला हाक मारून सांगितलं, आणि मग अगदी उदार होऊन म्हणाला, "मग माझं तरी कशाला हवं? ने तू. खुशाल ने."

वहिनीची अट एकच, धुण्याला दगड हवा. तिने हातगाडीवर नवा दगड आणून मोरीत बसवून दिला आणि पाट घेऊन आली.

आता तिच्या घराची मागची पडवी म्हणजे मशीनचं इस्पितळ झालं. पहिले दोन महिने तर तिने फक्त गंज काढला. मळसुत्रं अशी धरली होती की पाना लावला की पानाच घसरायचा. ती त्यांच्यावर रॉकेल ओतून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ हातोडीने टिचकी मारल्यासारखं ठोकायची, स्टोव्हच्या ज्योतीने शेकायची, परत रॉकेल. कधी चार दिवसांनी एखादं मळसूत्र कुरकुरत अर्धा आटा फिरायचं, आणि त्या दिवशी ती स्वतःसाठी नीट स्वयंपाक करायची.

गल्लीच्या तोंडाशी लेथवाले काका होते, सत्तरीचे, तोंडाने तिखट. ती बेअरिंग काढून घ्यायला पहिल्यांदा गेली तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे मशीन नाही, हे मढं आहे. तुम्ही ह्याला उठवायला निघालात की जाळायला?"

"उठवायला."

"मग डॉक्टर गाठा, मी लेथवाला." पण बेअरिंग त्यांनी काढून दिली, आणि नव्या बेअरिंगचा नंबर पुठ्ठ्यावर लिहूनही दिला.

एक गिअर हरवलेलाच होता. तो बाजारात मिळेना. तिने मोजमाप काढून त्याचा लाकडी नमुना स्वतः तासला. ओतीव काम करणाऱ्याकडे त्यावरून बीड ओतून घेतलं आणि काकांकडे दाते पाडायला नेलं. काकांनी लाकडी नमुना हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"कुणी केला?"

"मी."

"हं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मढं हा शब्द काढला नाही.

सगळ्यात जास्त वेळ पाटाने खाल्ला. त्यावर ती सरळ धारेची लोखंडी पट्टी उभी ठेवायची आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहायची. जिथे उजेड दिसत नाही तो उंचवटा. तेवढाच नेमका खरवडायचा, पुसायचा, परत पट्टी ठेवायची. साबणाने पाडलेले खड्डे कुठे कुठे इतके खोल होते की तिला धाकट्या वहिनीचे तांबे आणि बादल्या डोळ्यांसमोर यायच्या. चार महिने ती हे करत होती. उजवं मनगट सुजलं की डाव्या हाताने.

पाटाची खालची बाजू साफ करायला तिने एके दुपारी काकांना मदतीला घेऊन तो उलटा केला. काका गेल्यावर तारेचा ब्रश मारता मारता गंजाखालून छिन्नीने कोरलेलं काहीतरी वर यायला लागलं. वळण वडिलांचंच होतं. ते कोरताना अक्षराचा शेवट नेहमी खोल मारायचे. दोन अक्षरं होती. एक थोरल्याच्या नावाचं, एक धाकट्याच्या. मध्ये एक आडवी रेघ. बस.

ती खाली बसली. मशीन आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, जन्मलेली होती, घरातच होती. वडिलांनी तिला वगळलं असंही म्हणता येईना. त्यांना ती आठवलीच नसावी. आणि नंतर आठ वर्षं, तिच्या नखावर पाती जोखून घेताना, एक अक्षर वाढवावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. छिन्नी तर तिथेच भिंतीला टांगलेली असायची.

ती अक्षरं घासून टाकायला दहा मिनिटं लागली असती. तिने आठ दिवस मशीनला हात लावला नाही. नवव्या दिवशी तिने ब्रश घेतला, दोन्ही अक्षरांच्या खाचांतला गंज काडीने उकरून पूर्ण काढला, तेलाचं बोट फिरवलं आणि काकांना बोलावून पाट सुलटा करून बसवला.

घरच्या विजेवर चालेल अशी जुनी मोटर मिळाली. पट्टा चढवला. पाती धार लावून आणली आणि ती बसवायला तिने अख्खी सकाळ घेतली. नजर आता तिचीही अधू झाली होती, पण नख तेच होतं. सुरू केलं तेव्हा मशीन आधी गुरगुरलं, मग आवाज चढत चढत एका ठिकाणी येऊन ठरला. तिने त्या आवाजात खोट शोधली. सापडली नाही. मग एक जुनी फळी आत सारली. पलीकडून ती बाहेर आली, आणि तिने चारी कोपऱ्यांवर जाडी मोजली. चारी ठिकाणी एक. सव्वा वर्ष लागलं होतं. काका दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आता हिशोबाने शिट्टी वाजवायला हवी, पण माझे दात नाहीत."

हळूहळू आसपासचे सुतार फळ्या घेऊन यायला लागले. नवखा दारात उभा राहून विचारायचा, "मिस्त्री कुठायत?" ती म्हणायची, "फळी इकडे आणा." मग तेच सुतार दुसऱ्यांना सांगायला लागले, जा त्या मिस्त्रिणीकडे. तसं तिला नाव पडलं. त्यांच्याकडून कधी जुन्या इमारतीच्या चांगल्या फळ्या उरायच्या. त्यांतल्या सहा तिने बाजूला काढून भिंतीला उभ्या केल्या होत्या. स्वतःसाठी पलंग करायचा होता. नवऱ्याच्या वेळचा लोखंडी पलंग मधोमध बसला होता.

थोरल्याच्या कानावर हे एका सुताराकडूनच गेलं. तो आला, पडवीत उभा राहिला, पाटावर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. "अगं, हे बाबांचं... अगदी तसंच गं," एवढंच तो म्हणाला. तिने त्याला फळी घालून दाखवली. तो तासभर बसला. जाताना त्याने विचारलं, "त्याचा फोन नंबर आहे तुझ्याकडे?"

जवळजवळ वीस वर्षांनी थोरल्याने धाकट्याला फोन केला. काय बोलले ते तिला कळलं नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी दोघे भाऊ, दोघी वहिन्या, चौघं एका गाडीतून तिच्या दारात उतरले. तिने हातातलं टाकून दार उघडलं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या तीनच; दोघे भाऊ लोखंडी पलंगावर शेजारी शेजारी बसले. त्यांच्या मांड्या एकमेकांना लागत होत्या. तिने चहा ठेवला आणि चांगले कप काढले. तिला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. शाब्बास म्हणायला नको, नुसतं 'केलंस' म्हटलं तरी चालेल.

थोरली वहिनी म्हणाली, "तुमच्यामुळे दोघं एकत्र आले बघा. देवासारखं काम केलंत."

"मग!" धाकटा म्हणाला. "ताईचंच श्रेय."

थोरल्याने कप खाली ठेवला. "तर आम्ही असं ठरवलंय. माझा मुलगा फर्निचरचं दुकान काढतोय. मागे कारखाना. धाकट्याची त्यात भागी. बाबांचं मशीन तिथे बसवायचं. वरती बाबांचा फोटो. घराण्यातली वस्तू घराण्यात राहील."

तिला क्षणभर कळलंच नाही. "कुठलं मशीन?"

"आता कुठलं म्हणजे? हे."

"आणि मी?"

"तू ये ना अधूनमधून. पोरांना शिकव. तुला कोण नको म्हणतंय?"

"दादा, तू मला दिलंस. कटकट जाईल म्हणालास."

"भंगार दिलं होतं. मशीन कुठे दिलं होतं?"

"मशीन तुझ्याकडे नव्हतंच."

धाकटा पुढे सरकला. "आणि माझ्याशी खोटं बोललीस त्याचं काय? दादाने भंगारात काढलं म्हणालीस. मी त्याला आजवर शिव्या घातल्या. फसवून नेलंस तू."

"हो," ती म्हणाली. "खोटं बोलले. तेवढं चुकलं माझं."

"चुकलं ना? मग झालं तर."

"झालं काय? नवा दगड दिलाय मी मोरीत. त्यावर धुता रोज."

थोरली वहिनी म्हणाली, "अहो, या वयात बाईमाणसाने हे धूड घेऊन काय करायचं? उद्या बोट गेलं तर आमच्याच दारात याल."

आणि मग थोरल्याने शेवटचं काढलं. शांतपणे, पाणीखात्यात तक्रारदाराशी बोलावं तसं. "वाद नकोच. त्या पाटाच्या खाली बाबांनी स्वतः कोरून ठेवलंय, मशीन कुणाचं ते. मी उभा होतो शेजारी. उलटा करून बघ, आम्हा दोघांची अक्षरं आहेत."

"माहीत आहे, दादा," ती म्हणाली. "त्यांच्यावरचा गंज मीच काढलाय."

थोरला उठला. धाकटा उठला. धाकटी वहिनी अर्धा राहिलेला चहा उभ्यानेच संपवून मागोमाग गेली. गाडीत बसताना थोरल्याने धाकट्यासाठी पुढचं दार धरलेलं तिने खिडकीतून पाहिलं.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. थोरल्याने पाठवलेली चार माणसं, दोरखंड, लोखंडी कांबी. तिने त्यांना टेम्पोतून उतरताना पाहिलं आणि पडवीत जाऊन मशीन सुरू केलं. गिऱ्हाइकांच्या फळ्या त्या दिवशी नव्हत्या. समोर होत्या त्या तिच्या सहा. तिने पहिली उचलून आत सारली.

हमालांचा म्होरक्या दारात येऊन ओरडला, "मावशी, बंद करा. न्यायचंय."

"काम चालू आहे."

"किती वेळ?"

"बघा ना, संपेल तेव्हा."

सहा फळ्या झाल्या. तिने चाक अर्धा आटा फिरवून पाट वर घेतला आणि त्याच सहा परत घातल्या. मग परत. भुशाचा ढीग पोटऱ्यांपर्यंत आला. फळ्या इंचाच्या होत्या त्या पाऊण झाल्या, अर्ध्या झाल्या. म्होरक्याने फोन लावला, फोनवर कुणीतरी ओरडत होतं, तो इकडून ओरडला, "अहो साहेब, चालू मशीन उचलू कसं? हात कुणाचा जाईल, तुमचा?" माणसं पायरीवर बसली. लेथवाले काका आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि त्या चौघांना आपल्या दुकानातून पाणी आणून दिलं. फळ्या पाव इंचावर आल्या, मग त्याहून खाली. तिसऱ्या प्रहरी पहिली फळी आतच कडाडून फुटली आणि पलीकडून नुसत्या ढलप्या आल्या. तिने दुसरी घातली.

साडेचारला टेम्पोवाला म्हणाला की त्याला दुसरी वर्दी आहे. ते गेले. तिने मशीन बंद केलं तेव्हा कानात आवाज तसाच चालू होता. सहा फळ्यांपैकी एकही शिल्लक नव्हती. तिने भुसा तीन पोत्यांत भरला.

परत कुणी आलं नाही. थोरल्याच्या मुलाने दुकानासाठी नवं मशीन घेतलं असं कळलं, आणि पुढे तेही बंद करून तयार फर्निचर विकायला आणलं असंही कळलं. भाऊ दोघे आता सणासमारंभाला एकत्र असतात. नातेवाइकांत एक गोष्ट पक्की झाली आहे: बहिणीने फसवून वडिलांचं मशीन लाटलं, भावांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. एक लांबची मावशी तिला हे सांगायलाच मुद्दाम येऊन गेली. ती दोघांकडे जात होती, बोलताना जीभ चावत का होईना, ते जाणं संपलं. पहिल्या वर्षी थोरल्या वहिनीच्या आजारपणात ती फळं घेऊन गेली होती, दार पुतण्याने उघडलं, पिशवी घेतली आणि म्हणाला, "आई झोपलीय." आतून टीव्हीचा आणि वहिनीच्या हसण्याचा आवाज येत होता.

काम मात्र भरपूर असतं. लोखंडी पलंगाच्या मध्ये तिने एक फळकूट सारलंय आणि त्यावर गादी. गेल्या महिन्यात बाजारपेठेतला एक सुतार बावीस फळ्या घेऊन आला. लाकूड उंची होतं, रेषा सरळ, गाठ एकही नाही. तिने विचारलं, "कुणाचं काम एवढं?"

"अहो, तुमच्याच घरचं की," सुतार म्हणाला. "तुमच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न नाही का? तिला द्यायचा पलंग आणि कपाट. पंधरा दिवसांवर आलं लग्न. तुम्हाला ठाऊक असेलच."

ती त्या पोरीला शेवटचं भेटली तेव्हा पोरगी कॉलेजात होती.

"हो," ती म्हणाली. "ठाऊक आहे."

तिने पाती तपासली, एक अंमळ वर वाटलं ते सैल करून पुन्हा बसवलं आणि बावीसही फळ्या काढल्या. सुतार त्या एकावर एक रचून बांधायला लागला. तिने त्यातली एक मधूनच ओढून काढली, शेवटच्या टोकावर नख फिरवलं.

"ही थांबवा," ती म्हणाली. "टोकाला जरा खोल गेलीय. परत काढून देते."

"अहो, राहू द्या. एवढं कोण बघतंय?"

तिने फळी परत आत सारली.